रत्नागिरी ते कोल्हापूर जांभ्याचे चिरे भरून: आंबा घाट, मॅनिफोल्डची गळती आणि कॅबिनखालची गरमी

ज्यांची टर्बोवाली सहाचाकी आहे आणि कोकणातून वर देशावर माल येतो त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय. उन्हाळ्यात भरलेली गाडी आंबा घाट चढताना तापते म्हणून लोक रेडिएटर बदलतात, वॉटर पंप बदलतात, काहीजण तर थर्मोस्टॅटच काढून टाकतात, आणि मूळ दुखणं बऱ्याचदा असतं मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या बिडाच्या पाईपच्या) पॅकिंगला. आधी गळती बंद करा, मग गरमीचं बघा. क्रम उलटा केला की पैसे जातात आणि गाडी तशीच राहते.

आमची गाडी बीएस-४ मधली (प्रदूषणाच्या आधीच्या नियमांची), कॅबिन टिल्ट होणारी, टर्बो इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) असलेली. लक्षणं अशी होती की सकाळी थंड इंजिन चालू केलं की टिक टिक टिक आवाज, आणि थोडं गरम झालं की गायब. बऱ्याच जणांना हा टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा) वाटतो, पण इथे लोखंड तापून फुगतं आणि फट आपोआप मिटते म्हणून आवाज थांबतो. शिवाय चढाला गाडी मरगळल्यासारखी, ड्रायव्हर सीटखाली चटका, कॅबिनमध्ये जळका वास. टर्बोचं चाक एक्झॉस्टच्या जोरावर फिरतं, तो जोर टर्बोच्या आधीच बाहेर पळाला तर बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) कमी होतो, जुन्या पंपाच्या गाडीत लगेच काळा धूर दिसतो, कॉमन रेलच्या नव्या गाडीत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेल कापतो आणि गाडी ओढत नाही. ड्रायव्हर ॲक्सिलेटर आणखी दाबतो, गॅस आणखी गरम. भरलेल्या गाडीच्या मॅनिफोल्डमधला गॅस चढावर ६००-७०० डिग्रीपर्यंत जातो, आणि फटीतून त्याची धार नेमकी कुठल्या वायरिंगवर किंवा होजवर बसते ते आपल्याला रस्त्यावर दिसत नाही.

काम कोल्हापुरात उद्यमनगरला केलं, कारण तिथे मिस्त्री, लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंग सगळं चालत जायच्या अंतरावर मिळतं. गळती शोधायला मोठं मशीन लागत नाही. कॅबिन टिल्ट करून तिचा लॉक नीट बसला का बघायचं, मग टॉर्च मारून जोडांवर काजळीच्या काळ्या रेषा शोधायच्या, जिथे काजळी पंख्यासारखी पसरलीय तिथे फट. पुढे इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हलकी हवा सोडायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं, फेस आला की सापडलं. मॅनिफोल्ड ते हेड, मॅनिफोल्डचे तुकडे जिथे एकमेकांत बसतात तो जोड, टर्बोचा फ्लँज, डाउन पाईपचा क्लॅम्प, खालचा जाळीचा बेलो (लवचिक पाईप), आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात नेणारी सिस्टीम) असेल तर त्याचे जोड, एवढं सगळं बघा, एक सापडलं म्हणून थांबू नका. आमच्यात शेवटच्या सिलिंडरचा एक स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणारा आट्यांचा बोल्ट) तुटलेला आणि बेलो खालून चिरलेला, दोन्ही.

तुटलेला स्टड काढताना घाई नको. रात्रभर गंजाचं तेल मारून ठेवलं, दुसऱ्या दिवशी तुटक्या तुकड्यावर नट ठेवून वेल्ड केला, वेल्डिंगच्या गरमीने धरलेला गंज सुटतो आणि मग पाना लावून हळूहळू पुढे-मागे करत बाहेर येतो. वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर काढायला सांगा, हे विसरलं की खर्च कुठल्या कुठे जातो.

खरी गोष्ट पुढे आहे. बहुतेक ठिकाणी नवीन पॅकिंग टाकून मॅनिफोल्ड तसाच चढवतात आणि थोड्याच दिवसांत परत टिक टिक. मॅनिफोल्ड तापून तापून वाकतो हो! सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा, कंपनीने दिलेल्या मापापेक्षा जास्त गेज आत जातोय तर फेसिंग (घासून सपाट) केल्याशिवाय पॅकिंग टिकणारच नाही. आमचा वाकलेला निघाला, ग्राइंडिंगवाल्याकडून सगळे फ्लँज एका पातळीत करून घेतले. पॅकिंग स्टीलच्या थरांचंच घ्या, नट-स्टड सगळे नवीन, आटे ब्रशने साफ, आणि टॉर्क पान्याने मधून बाहेरच्या बाजूला टप्प्याटप्प्याने आवळा. टर्बोच्या आधीच्या जोडांना सिलिकॉन किंवा सायलेन्सरची पेस्ट अजिबात भरू नका, वाळलेला तुकडा सुटला की थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो आणि पॅकिंगचे पैसे वाचवताना टर्बो जातो.

गळती गेल्यावर मग गरमी. मॅनिफोल्ड-टर्बोवरचा पत्रा खडखडतो म्हणून काढून फेकलेल्या कितीतरी गाड्या बघितल्यात, तो पत्रा वायरिंग वाचवायला असतो, परत बसवा आणि बोल्टला वॉशर लावा. डाउन पाईपला फायबर ग्लासची पट्टी गुंडाळली, टर्बोला ब्लँकेट. बिडाच्या मॅनिफोल्डला मात्र पट्टी गुंडाळू नये या मताचा मी आहे, गरमी आत कोंडते आणि बीड चिरतं. जुनी पांढरी ॲस्बेस्टॉसची दोरी अजून काही दुकानांत मिळते, ती घेऊ नका, तिची धूळ फुप्फुसाचा कॅन्सर करते. आणि पट्टी गुंडाळायच्या आधी टर्बोचा ऑइल रिटर्न पाईप कोरडा आहे का बघाच, तेल प्यालेली पट्टी पेट घेते, ट्रक रस्त्यावर जळण्याचं हे एक खरं कारण आहे. वायरिंग आणि क्लचचा पाईप क्लिपने लांब बांधला, वरून चंदेरी स्लीव्ह.

आता खेप. कोल्हापूरहून बांबवडे, मलकापूर करत पोती घेऊन खाली उतरलो, उतारावर इंजिनला काही ताण नसतो त्यामुळे जाताना तापमानाचा काटा बघून खूश होऊ नका, परीक्षा परतीला. रत्नागिरी बाजूला चिरे भरले, लोड पासिंगच्या (गाडीला मंजूर असलेल्या वजनाच्या) आतच ठेवला, हातखंबा, पाली करत साखरप्याला थांबलो. घाटाच्या पायथ्याला थांबणं मी सगळ्यांना सांगेन. इंजिन चालू ठेवून पंख्यापासून लांब उभं राहून कान द्या, कूलंटच्या बाटलीची लेव्हल बाहेरूनच बघा (गरम असताना झाकण उघडू नका), आणि इंटरकूलर-रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. या रस्त्यावर चौपदरीकरणाच्या कामाची लाल धूळ इतकी बसलेली असते की बाहेरून जाळी साफ दिसते आणि मध्ये गोधडी असते. ती इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेने कमी दाबाच्या हवेने काढायची, प्रेशर पंपाने मारली की फिन्स झोपतात. रेडिएटरचं काऊल (पंख्याभोवतीचं कव्हर) आणि बाजूची रबरं जागेवर हवीत, नाहीतर पंखा इंजिनचीच गरम हवा परत ओढतो.

घाट दुपारी मुद्दाम चढलो, बघायचंच होतं. एसी बंद, वरच्या गिअरमध्ये दाबत बसण्यापेक्षा एक गिअर खाली आणि आरपीएम जरा वर, त्यामुळे पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात. आधी निम्म्या घाटातच काटा लालच्या तोंडाशी जायचा, यावेळी मधल्या खुणेच्या थोडा वर गेला आणि तिथेच राहिला, वळणावर एक बंद ट्रक आडवा होता म्हणून बराच वेळ रांगेत थांबावं लागलं तरी. गाडी ओढतेय हे पायाला कळतं, तो आनंद ज्याने भरलेली गाडी चढवलीय त्यालाच कळेल. वर आंब्याला पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका, दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी जळून कोळसा होतं. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी तर कधीच ओतू नका. इन्फ्रारेड गनने तापमान बघणार असाल तर गंजलेल्या मॅट भागावर धरा, चकचकीत पत्र्यावर ती चुकीचं दाखवते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. एक्झॉस्ट गळतोय तोपर्यंत इंजिन चालू ठेवून कॅबिनमध्ये झोपू नका आणि किन्नरलाही (क्लीनरलाही) झोपू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होतं, मळमळतं, आणि झोपलेल्याला तेही कळत नाही.

बीएस-६ गाडी असेल तर पट्टी-ब्लँकेटचे प्रयोग स्वतः करू नका, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि धूर साफ करणारी युरियाची सिस्टीम ठरावीक तापमानावर चालते, सेन्सरजवळ जरा गळालं तरी दिवा लागतो, तिथे सर्व्हिस सेंटरच बरं. बाकीच्यांनी पहिल्या भरलेल्या खेपेनंतर दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना मॅनिफोल्डचे नट परत टॉर्कने तपासा. आमचे मधले दोन थोडे फिरले, बाकी घट्ट होते. बेलोचा क्लॅम्पही त्याच वेळी बघून घ्या.