रुकडी मीटरगेज, नोंद ११: ९७ टक्क्यांचा पॉइंट

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझ्या मॉडेल रेल्वेतल्या रुकडी यार्डाचा पहिला पॉइंट (एक रूळ दोन दिशांना फुटतो तो सांधा) या रविवारी संपवतो. संपला बघा. उखडून भंगाराच्या डब्यात टाकला.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: कोल्हापूर–मिरज लाइन १८९१ ला सुरू झाली आणि १९७१ ला ब्रॉडगेज झाली. मी तिच्यावरच्या रुकडी स्टेशनाचं मॉडेल करतोय, मधल्या मीटरगेजच्या (रुळांत १००० मिमी अंतर) वर्षांचं, १:८७ मध्ये. १००० भागिले ८७ म्हणजे ११.४९, म्हणून १२ मिमी रूळ. अर्ध्या मिलिमीटरची लबाडी आहे, मान्य. पण १६.५ मिमीच्या रुळावर आपली ब्रॉडगेज चालवणारे पावणेतीनची करतात, तेव्हा मला कोणी बोलू नये.

तर पॉइंट. एका परदेशी मासिकाच्या जुन्या अंकात १२ मिमीचा अप्रतिम नकाशा होता, स्लीपरसकट. माझ्याकडे त्या अंकाची स्कॅन फाइल. पेनड्राइव्हवर घालून झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. कॉपर क्लॅडच्या (तांब्याचा थर असलेल्या) पट्टीचे २१ मिमीचे चौदा स्लीपर कापले (सहा फुटी लाकडी स्लीपर धरून), नकाशावर चिकटवले आणि रेघेवर रूळ ठेवून डाग देत गेलो. रुळांतलं अंतर तपासायचं गेज हाताशी होतं. पण छापील रेघ एवढी सुबक की ते लावलंच नाही. शेवटी डबा ढकलून बघितला तर फ्रॉगच्या (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या) अलीकडेच चाकं आवळली. व्हर्नियर लावला: ११.६४. प्रिंटरवर ‘फिट टू पेज’ राहिलं होतं, ९७ टक्के. दोन रविवार गेले. चूक माझीच.

हा नकाशा ज्या कागदावर मूळ छापला गेला, त्यावर तो खऱ्या मापाचा होता. अंक टेबलावर उघडायचा, वर ट्रेसिंग ठेवायचा, काम सुरू. मासिकाची किंमत मला लेखांपेक्षा या पानांसाठी वाटते. व्हिडिओत माणूस पॉइंट करून दाखवतो, पण त्याच्यावर पट्टी ठेवता येत नाही.

आणि असे कागद छापणारे कमी होत चालले. ‘मॉडेल रेलरोडर’ हे अमेरिकन मासिक १९३४ पासून कामबाख प्रकाशनाकडे होतं. २०२४ मध्ये कामबाखनं ते ‘ट्रेन्स’ या दुसऱ्या मासिकासकट फायरक्राउन कंपनीला विकलं. ‘रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन’चं त्याआधीच झालं: २०१४ मध्ये कार्स्टन्स प्रकाशन बंद पडलं, मग व्हाइट रिव्हर प्रकाशनानं ते उचललं म्हणून आजही निघतं. इंग्लंडचं ‘रेल्वे मॉडेलर’ १९४९ पासून आहे आणि आता पेकोचं आहे. रूळ बनवणाराच मासिक काढतो, त्यामुळे त्याला मासिकातून नफा निघालाच पाहिजे असं नाही. रूळ विकले तरी झालं. मला वाटतं टिकायला याहून सोपी युक्ती नाही.

बाकीच्यांचं गणित मागच्या पानांवर असायचं. छोट्या जाहिराती: कोणी घरी मॉडेलचे पन्नास किट साच्यात ओतणारा, कोणी चाकं बनवणारा, गल्लीतलं हॉबी दुकान. तो ओतणारा म्हातारा झाला, दुकान ऑनलाइनच्या भावात मेलं, की ती चौकट रिकामी. एकेका चौकटीनं पान जातं. वर टपालखर्च. आपला दिवाळी अंक जाहिरातींवर वर्षातून एकदा उभा राहतो, त्यातही संपादकाची दमछाक होते. हे तर दर महिन्याला.

म्हणून एक उद्योग अंगावर घेतलाय. मी, मिरजेचा मित्र (तो बार्शी लाइट करतोय, अडीच फुटी गेज, १:८७ ला ८.७६ मिमी, म्हणजे एन गेजचा ९ मिमी रूळ जवळपास फुकटात बसतो) आणि आमचे गार्डकाका, अशा तिघांनी बारा पानी अंक काढायचा ठरवलाय. चाळीस प्रती, मधोमध स्टेपल. काका म्हणाले, “आधी चार जण वाचतील का ते बघा रे.” मी म्हटलं, चाळीस जण मापं घेतील, वाचू देत नाहीतर नको.

जाहिरात एकच मिळालीय. उद्यमनगरात चाकांसाठी ज्यांच्याकडे लेथवर काम करवून घेतो, त्या टर्नरभाऊंनी पाचशे रुपये दिले. माझी पहिली चार चाकं बघून विचारलं होतं, “हे घड्याळाचं काय?” आता फ्लँजला (चाकाच्या बाहेर आलेल्या कडेला) पॉलिश मारून देतात आणि मला ‘रेल्वेवाले’ म्हणतात. मजकूर त्यांनीच सांगितला: सर्व प्रकारचे टर्निंग, लहान कामही घेतो.

अंकातल्या प्रत्येक नकाशाखाली बरोबर १०० मिमीची रेघ असेल आणि शेजारी ठळक: आधी पट्टी लावा. छापखान्यालाही सांगून ठेवलंय. पहिला प्रूफ आला तो ९८ मिमी.

परत पाठवलाय. पॉइंट क्रमांक दोन सुरू केलाय, यावेळी गेज लावून. सहा स्लीपर झालेत, डबा तिथपर्यंत सरळ जातो.