हरळीची हद्द

लॉनसाठी हरळी लावली की पहिले काही आठवडे ती वाढावी म्हणून धडपड करायची आणि मग कायमची, ती वाढू नये म्हणून. शेतात जिच्या काशा, म्हणजे जमिनीखाली पसरणारी खोडं, वेचून वेचून माणसं वैतागतात, तीच इथे कांड्या टोचून, पाणी देऊन लाडाने वाढवायची.

जात उन्हाची. पारा २७ ते ३५ अंशांत गेला की हिला जोर चढतो. जमीन १० अंशांच्या आसपास गार झाली की तपकिरी पडून खुशाल झोपते. मेली समजून खताचा मारा करू नये. ऊब आली की आपणच उठते. सावली मात्र अजिबात सोसत नाही. झाडाखाली हरळीच हवी असा हट्ट धरणाऱ्यांना मी तरी सल्ला देणं सोडलंय.

कापणीचा नियम साधा: एका वेळी पात्याचा एक तृतीयांश भाग, त्याहून जास्त नाही. सुट्टीवर जाऊन आल्यावर एकदम खाली कापलं, की हिरवं सगळं डब्यात आणि जमिनीवर नुसत्या पिवळ्या काड्या. मशीनचं पातं बोथट असलं तर गवत कापलं जात नाही, फाटतं. वाकून बघितलं तर प्रत्येक शेंड्याला पांढुरकी झालर दिसते. दोन दिवसांत लॉन राखाडल्यासारखं होतं. मग लोक रोग आला म्हणून फवारे मारतात. अहो, आधी पात्याला धार लावा!

खेळाच्या मैदानांवर गाजलेला टिफवे ४१९ हा हरळीचा संकरित वाण १९६० साली अमेरिकेतल्या टिफ्टन इथून आला. तो बी धरत नाही. बी नाही म्हणजे पसाराही नाही, असं वाटेल. पण हरळीला बियांची गरज कुठे असते? फरशीवर आलेली एखादी धावती काडी उचलून बघा. पेरापेराशी मुळं फुटायच्या तयारीत, आणि पुढचं टोक सुईसारखं ताठ, थेट गुलाबाच्या वाफ्याकडे. खुरप्याने तोडली तर एकीच्या दोन होतात. म्हणून कडेने पत्रा गाडतात. खालून येणाऱ्या काशा त्याने अडतात. वरून येणारीला पत्रा म्हणजे नुसता उंबरठा. ती दर आठवड्याला हातानेच मागे ओढावी लागते.