क्यूटीच्या कॅलेंडर विजेटच्या पोटात काय आहे?

क्यूटी ही खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहिण्याची सी++ लायब्ररी. तिच्यातल्या तयार कॅलेंडरला, म्हणजे क्यूकॅलेंडरविजेटला रंग दिला, पण महिन्याच्या नावाची पट्टी काही बदलली नाही, अशी तक्रार नेहमीची. पडद्यावर एक दिसणारं हे विजेट (पडद्यावरचा घटक) आत अनेक विजेट्सचं बनलेलं आहे, म्हणून असं होतं. आत कोण आहे हे मेटाऑब्जेक्टला, म्हणजे क्लासची माहिती चालू प्रोग्रॅममध्येच सांगणाऱ्या क्यूटीच्या वस्तूला विचारा.

वस्तूचा क्लास सांगणारा पायथनमधला टाइप() इथे फसवतो. फाइंडचिल्ड्रन()नं आतली विजेट्स काढली, की तारखांचा तक्ता क्यूटेबलव्ह्यू म्हणून समोर येतो. त्याच वस्तूवर मेटाऑब्जेक्ट().क्लासनेम() चालवा, उत्तर येतं क्यूकॅलेंडरव्ह्यू. हा क्यूटीचा खासगी क्लास आहे. पायसाइडला (क्यूटी पायथनमधून वापरू देणाऱ्या लायब्ररीला) तो माहीत नसतो, म्हणून ते ओळखीचा सर्वांत जवळचा पूर्वज दाखवतं. उलट, ज्या सी++ क्लासमध्ये क्यू_ऑब्जेक्ट मॅक्रो (त्या क्लासचा मेटाऑब्जेक्ट तयार करायला सांगणारी खूण) लिहिलेला नाही, तो क्लासनेम()मध्येही पूर्वजाचंच नाव सांगतो. त्यामुळे अटीत नावाची तुलना करण्यापेक्षा वस्तू त्या क्लासच्या वंशातली आहे का हे सांगणारं इन्हेरिट्स() वापरलेलं बरं.

प्रॉपर्टीज पाहताना मोजणी शून्यापासून सुरू केली, तर क्यूऑब्जेक्ट आणि क्यूविजेटची सगळी भरताड आधी येते. प्रॉपर्टीऑफसेट()पासून प्रॉपर्टीकाउंट()च्या आधीपर्यंत फिरा, म्हणजे कॅलेंडरच्या स्वतःच्याच प्रॉपर्टीज हाती लागतात: सिलेक्टेडडेट, मिनिममडेट, फर्स्टडेऑफवीक, ग्रिडव्हिजिबल वगैरे. एनमसाठीही (पर्यायांच्या ठरावीक नावांच्या याद्यांसाठी) तीच युक्ती, एन्युमरेटरऑफसेट()पासून.

मेथड्सच्या यादीत मात्र फक्त सिग्नल (काही घडल्याची सूचना), स्लॉट (त्या सूचनेला जोडायचं फंक्शन) आणि मुद्दाम इन्व्होकेबल, म्हणजे मेटाऑब्जेक्टमधून बोलावता येतील अशी केलेली फंक्शन्स असतात. सेटसिलेक्टेडडेट दिसेल, सेटडेटटेक्स्टफॉरमॅट दिसणार नाही, पेंटसेलही नाही. यादीत नाही म्हणजे क्लासमध्ये नाही, असा अर्थ काढू नका. मेथडसिग्नेचर() बाइट्स देतं. छापण्याआधी डिकोड करा.

आता ती पट्टी. फाइंडचिल्ड्रन(क्यूविजेट)मधल्या प्रत्येकाचं क्लासनेम आणि ऑब्जेक्टनेम शेजारी-शेजारी छापा. क्यूटी_कॅलेंडर_नेव्हिगेशनबार, क्यूटी_कॅलेंडर_मंथबटन, क्यूटी_कॅलेंडर_प्रेव्हमंथ अशी नावं दिसतील. स्टाइलशीटमध्ये (रंग-रूप ठरवणाऱ्या मजकुरात) हॅश (#) लावून हीच नावं द्या, रंग बसतो. ही आतली नावं आहेत, तेव्हा क्यूटीची आवृत्ती बदलली की यादी पुन्हा छापून पाहा.

तक्त्याच्या मॉडेलची, म्हणजे त्याला डेटा पुरवणाऱ्या वस्तूची मापंही विचारून घ्या. मूळ मांडणीत 7 ओळी आणि 8 स्तंभ येतात: तारखांच्या 6 ओळी, वर वारांची एक, 7 वार, डावीकडे आठवड्याच्या क्रमांकाचा एक. म्हणजे तक्त्यात दिसणारी पहिली तारीख (0, 0) वर नसून (1, 1) वर असते. व्हर्टिकलहेडरफॉरमॅटला नोव्हर्टिकलहेडर दिलं, की आठवडा-क्रमांकाचा स्तंभ जातो आणि तीच तारीख (1, 0) वर सरकते. टेस्टमध्ये ओळ-स्तंभ धरून क्लिक करणारा कोड इथेच मोडतो. त्याऐवजी सेटसिलेक्टेडडेट() वापरावं. पण त्यानं सिलेक्शनचेंज्ड सिग्नल सुटतो, क्लिक्ड सुटत नाही. तुमचा कोड क्लिक्डवर बांधलेला असेल, तर टेस्टमध्ये तो चालणारच नाही.