आमची वाटचाल : पाच दिवस, एकच शहर

आज आम्ही मराठी ग्रुपना पाच दिवसांत दक्षिण कोरियाची राजधानी सोल दाखवतो, पण आमचा धंदा सुरू झाला तो कोरियन माणसांना पुणे दाखवण्यापासून. रांजणगाव, चाकण, तळेगाव या पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्या, मागोमाग त्यांचे इंजिनिअर आले, आणि रविवारी करायचं काय हा त्यांचा प्रश्नही आला. माझी नणंद अशाच एका कंपनीत दुभाषी होती. साहेबांनी विचारलं की ती त्यांना शनिवारवाडा, सिंहगड, कधी अजिंठा दाखवायला न्यायची. गाडी, जेवण, तिकिटं जमवायचं काम माझ्या गळ्यात पडायचं. बरेच दिवस हे फुकटात चाललं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "एवढी उस्तवार करता, तर चार पैसे तरी घ्या." तिथून आम्ही नणंद-भावजय भागीदार झालो.

या पाहुण्यांची बघायची तऱ्हा वेगळी होती. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे खिळे हात लावून बघणार, हे कोणत्या उंचीवर का लावलेत ते विचारणार. अजिंठ्याला एकेका लेण्यात बसून राहणार. दिवसाला एकच ठिकाण, पण पोटभर. आपल्याकडे सहलीचा हिशेब उलटा. सकाळी सहाला बसमध्ये कोंबायचं, दिवसात सहा 'पॉइंट' उरकायचे, रात्री हॉटेलवर गुलाबजाम खाऊन आडवं व्हायचं. आम्हीही सुरुवातीला अष्टविनायक आणि कोकण तसंच केलं. त्यात मन कधी रमलं नाही.

लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद पडल्या, पाहुणे मायदेशी गेले, आम्ही दोघी घरात बसून हप्ते मोजत होतो. त्याच काळात घरोघरी मुली रात्र रात्र कोरियन मालिका बघायला लागल्या. थोड्या दिवसांनी त्यांच्या आयाही शेजारी येऊन बसल्या. विमानं सुरू झाली तशी नणंदेच्या फोनवर एकच चौकशी : "कोरियाची टूर काढता का हो?" ती सोलला राहून आलेली, जुन्या साहेबांशी घरोबा टिकवून असलेली. मला म्हणाली, "वहिनी, आपण त्यांना पुणे दाखवलं तसंच सोल दाखवू या."

बाजारात तेव्हा कोरियाला जपानची, तैवानची जोड देऊन अकरा-बारा दिवसांची पॅकेजं होती. आम्ही पाच दिवस आणि फक्त सोल असं ठरवलं. ओळखीच्या एका एजंटने तोंडावर सांगितलं, "ताई, एकाच शहरात पाच दिवस? गिऱ्हाईक विचारेल, पैसे कशाचे घेता?" विचारतात. अजूनही विचारतात. मुंबईहून बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे विमान, व्हिसाची फाइल, मध्यवस्तीतलं हॉटेल आणि वर टीसीएस, म्हणजे परदेशी टूरवर आधीच भरावा लागणारा कर, एवढं धरलं की आकडा छोटा राहत नाही. पण रोज बॅगा भरून नवं हॉटेल गाठण्यात जो वेळ जातो त्याचे पैसे कोणी मोजत नाही, ते आम्ही गिऱ्हाइकाला मोजून दाखवतो.

वार ठरवायलाही डोकं लागलं. ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद. चांगदोकगुंग राजवाडा, सोदेमुन तुरुंग, युद्ध-स्मारक हे सगळं सोमवारी बंद. म्हणून आमचा ग्रुप मंगळवारी रात्री पोचतो आणि बुधवार ते रविवार फिरतो. सुट्टीचं हे वेळापत्रक न बघता तिकिटं काढलेली माणसं राजवाड्याच्या बंद दारापुढे फोटो काढताना दिसतात.

पहिला दिवस ग्योंगबोकगुंगचा. १३९२मध्ये जोसोन घराण्याचं राज्य सुरू झालं, राजधानी आजच्या सोलला आली, १३९५मध्ये हा राजवाडा उभा राहिला. १५९२च्या जपानी स्वारीत तो जळाला, पावणेतीनशे वर्षं ओसाड पडला आणि १८६७मध्ये पुन्हा बांधून झाला. ब्रोशरमध्ये एवढं पुरतं. प्रत्यक्षात आम्ही लोकांना सिंहासनाच्या दालनाकडे लगेच नेत नाही, पुढच्या फरसबंद चौकातच थांबवतो. तिथे वाटेच्या दोन्ही अंगांना ओळीने दगड रोवलेत आणि प्रत्येकावर दरबारातला दर्जा कोरलाय. पूर्वेकडे मुलकी अधिकारी, पश्चिमेकडे लष्करी. ज्याने त्याने आपल्या दगडापाशी उभं राहायचं. मग गाइड खाली बघायला सांगते. फरशीत लोखंडी कड्या पक्क्या बसवलेल्या दिसतात. उन्हापावसात चौकावर मांडव घालायचा तर दोर या कड्यांना बांधायचे. हे कळलं की रिकामा चौक माणसांनी भरायला लागतो. एका ग्रुपमधले निवृत्त तहसीलदार काका आपला दर्जा कुठे बसेल ते दगड दगड करून शोधत होते. काकूंनी विचारलं, "सापडला का?" "सापडला, पण दालन इथून दिसत नाही."

हानबोक म्हणजे कोरियाचा पारंपरिक पोशाख. तो घालून गेलं तर तिकीट माफ असतं. तिकीट ३,००० वॉनचं, भाड्याचा हानबोक त्याच्या कितीतरी पट. तरी एकही बाई तो हिशेब मनावर घेत नाही, आणि का घ्यावा!

याच राजवाड्याच्या ऐन पुढ्यात जपान्यांनी १९२६मध्ये आपल्या गव्हर्नर जनरलची भलीमोठी दगडी कचेरी बांधली होती. १९१०मध्ये कोरिया गिळल्यावर राजवाड्यातल्या बहुतेक इमारती त्यांनी आधीच हलवल्या किंवा पाडल्या होत्या. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, १५ ऑगस्ट १९९५ला, ती कचेरी पाडायला सुरुवात झाली. १५ ऑगस्ट ऐकून आपली माणसं कान टवकारतात आणि वाद पेटतो. पाडायला हवी होती की ठेवायला? एक गृहस्थ म्हणाले, "मग आपण व्हीटी स्टेशन पाडायचं का?" मागून एक आजी म्हणाल्या, "व्हीटी कोणी शनिवारवाड्याच्या अंगणात नाही बांधलं." गाइडला हे भाषांतर करून सांगितलं, तेव्हापासून ती पुढच्या ग्रुपना हेच उदाहरण देते.

सोदेमुन तुरुंग बऱ्याच टूरमध्ये नसतो. लोक मजा करायला आलेत, तुरुंग कशाला, असं त्यामागचं म्हणणं. आमच्या मते हाच सगळ्यात जरुरीचा अर्धा दिवस. १ मार्च १९१९च्या स्वातंत्र्य-चळवळीतली माणसं इथे डांबली गेली. यू ग्वान-सुन ही शाळकरी मुलगी १९२०मध्ये इथेच मरण पावली. येरवड्याजवळून रोज ये-जा करणाऱ्या पुणेकराला एवढी गोष्ट ओळखीचीच वाटते. पुढची नवी असते. जपानी गेल्यावरही तुरुंग १९८७पर्यंत चालू राहिला आणि स्वतंत्र कोरियाच्या सरकारांनी आपले विरोधक त्याच कोठड्यांत ठेवले. संग्रहालयात तेही मांडून ठेवलंय.

आता जेवण. मराठी ग्रुपला परदेशी नेणाऱ्या कोणालाही विचारा, इतिहास एक वेळ चुकला तर चालतो, जेवण नाही. कोरियात 'भाज्याच आहेत हो' म्हणून जे पुढे येतं त्याच्या रश्शात सुकट माशांचा अर्क असतो, आणि किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या भाजीच्या लोणच्यात, बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचं आंबवलेलं पाणी. शुद्ध शाकाहारी माणसाला हे जेवायच्या आधी सांगावं लागतं, नंतर नाही. नणंदेने कोरियनमध्ये एक कार्ड छापून घेतलंय : मांस नको, मासे नकोत, माशाचा रस्सा आणि सॉसही नको. ते प्रत्येकाच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागे असतं. खरी सुटका केली बौद्ध मठांच्या जेवणाने. त्यात मांस-मासळी नसतेच, शिवाय लसूण, कांद्याच्या जातीच्या पाच उग्र भाज्या वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री केली आणि मग भात मागून घेतला. जोगेसा मंदिराच्या आसपास असं जेवण मिळतं. महाग आहे, पण त्या एका जेवणाने उरलेल्या चार दिवसांची कुरकुर निम्मी होते.

ग्वांगजांग बाजार १९०५पासूनचा. तिथे भिजवलेले मूग दगडी जात्यावर वाटून तेलात जाड धिरडी काढतात. जातं दिसलं की आमच्या बायका तिथून हलत नाहीत. पिठात डुकराचं मांस नाही ना, हे मात्र प्रत्येक गाड्यावर विचारावं लागतं.

सुरुवातीच्या ग्रुपना आम्ही तिथल्या एका लँड ऑपरेटरमार्फत, म्हणजे गाडी, हॉटेल, गाइड सगळं जमवून देणाऱ्या स्थानिक एजंटमार्फत नेलं. दर फारच कमी होता, आणि त्याचं कारण दुसऱ्याच दिवशी कळलं. राजवाड्यात चाळीस मिनिटं, जिनसेंग या औषधी मुळीच्या दुकानात दीड तास, तिथून थेट कॉस्मेटिक्सचं दुकान. कमिशनवर चालणारा हा प्रकार जगभर आहे, सोलला तो नवा नाही. आम्ही ते काम बंद केलं. तिथल्या कायद्याने परदेशी पर्यटकांना फिरवायला परवाना असलेला गाइड लागतो, त्यामुळे नणंद कितीही जाणकार असली तरी राजवाड्यात ती गाइड होऊ शकत नाही. परवाना असलेली एक गाइड आम्ही दिवसाच्या ठरावीक मेहनतान्यावर घेतो. ती कोरियनमध्ये बोलते, नणंद मराठीत सांगते. वेळ दुप्पट लागतो. त्यासाठीच ठिकाणं निम्मी ठेवलीत.

बसही सोडली. विमानतळावरून नेण्या-आणण्यापुरती ती असते, बाकी शहर मेट्रोने. सोलची पहिली लाइन १५ ऑगस्ट १९७४ला सुरू झाली. आज त्या जाळ्याचा नकाशा पहिल्यांदा बघणाऱ्याला घाम फुटतो. २०२४पासून पर्यटकांनाही ठरावीक दिवसांचा पास मिळतो, पाच दिवसांचा १५,००० वॉनला. पास हातात आला की सत्तरीचे आजोबासुद्धा संध्याकाळी एकटे दोन स्टेशनं जाऊन येतात, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तीच गोष्ट चालते. शहर कळतं ते असंच. चोंगग्येचॉनचा ओढाही असाच संध्याकाळी पायी करायचा. त्याच्यावर आधी झाकण आणि वर उड्डाणरस्ता होता. तो पाडून २००५मध्ये वाहतं पाणी परत आणलं. मुठेच्या पात्रातून गाडी नेणारे आम्ही लोक तिथे काठावर बसून काय बोलत असू, ते लिहायला नको.

बुकचोनच्या जुन्या कौलारू गल्ल्यांत माणसं राहतात, याचा पर्यटकांना विसर पडला होता. आता तिथल्या मुख्य भागात सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंतच फिरता येतं, आणि मार्च २०२५पासून नियम मोडला तर १,००,००० वॉन दंड. आम्ही तिथे सकाळी दहाला जातो, आवाज खाली. मराठी ग्रुपचा आवाज खाली ठेवणं ही टूर मॅनेजरची खरी परीक्षा.

शहर जिवंत असलं की कार्यक्रम दर हंगामाला बदलतो. राष्ट्राध्यक्षांचं 'निळं घर' मे २०२२मध्ये सगळ्यांना खुलं झालं, आम्ही ते घातलं. ऑगस्ट २०२५पासून ते पुन्हा बंद, आम्ही काढलं. ३ डिसेंबर २०२४च्या रात्री तिथे लष्करी कायदा जाहीर झाला आणि आमचे फोन पहाटेपर्यंत वाजत राहिले. संसदेने काही तासांतच तो हाणून पाडला, एप्रिल २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षच पदावरून गेले. तरी बुकिंग रद्द झाली ती झालीच. त्यानंतर आलेल्या लोकांना मात्र ग्वांगह्वामुनचा चौक बघायची जास्त घाई असते, कारण मोर्चे तिथले त्यांनी टीव्हीवर पाहिलेले असतात.

युद्ध-स्मारकात लोक रणगाडे बघायला धावतात. आम्ही आधी १९५३ सांगतो. उत्तर आणि दक्षिण कोरियातली लढाई थांबली, मायदेशी जायला नकार देणाऱ्या कैद्यांचा प्रश्न भारताच्या जनरल थिमय्यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाकडे आला, आणि त्या कैद्यांवर पहारा द्यायला भारतीय सैन्य गेलं. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून जवानांना हेलिकॉप्टरने थेट सीमेवरच्या पट्ट्यात उतरवलं. ८८ कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते भारतात आले. फौजी घरातला कोणी ना कोणी ग्रुपमध्ये असतोच. पुढचा अर्धा तास तोच बोलतो.

गडावर जाणाऱ्यांसाठी मेट्रोने होण्यासारखं एक ठिकाण हळूच वाढवलं : सोलजवळच्या सुवोन शहराचा ह्वासोंग कोट. राजा जोंगजोने १७९४ ते १७९६मध्ये तो बांधला आणि बांधकामाची सगळी नोंद ग्रंथरूपात छापून ठेवली. नकाशे, दगड उचलायच्या यारीची चित्रं, खर्च, गवंडी-सुतारांची नावं आणि मजुरी. कोरियन युद्धात कोट ढासळला, तेव्हा त्याच नोंदीवरून तो पुन्हा उभा केला. कोटाचा घेर साडेपाच किलोमीटरच्या वर आहे. आमचे ट्रेकर काका-काकू तो पूर्ण चालतात. रायगडावरची हिरोजीची पायरी पाहिलेल्या माणसाला मजुराचं नाव छापलेलं दिसलं की त्याच्या तोंडून आपोआप "आपल्याकडे हे असतं तर" निघतं, आणि बुरुजावर सभाच भरते.

सध्या आमच्या दोघींत वाद आहे तो ग्योंगजूचा. नणंदेचं म्हणणं, जोसोनच्याही आधीच्या सिल्ला राज्याची ही राजधानी न दाखवता इतिहास दाखवतो म्हणणं बरोबर नाही, आणि वेगवान रेल्वेने तर दोन तासच लागतात. माझं म्हणणं, दोन तास जायचे, दोन तास यायचे, म्हणजे मुक्काम आला, मुक्काम आला की बॅगा आल्या. ती म्हणते, "वहिनी, सहा दिवसांची करू." सहाव्या दिवसाचं कॉस्टिंग मी काढून ठेवलंय. दिवाळीनंतरचा ग्रुप मात्र पाच दिवसांचाच जातोय, मंगळवार रात्र ते रविवार.