तारेनं बांधलेला दांडा

मे महिन्याच्या शेवटी गुरुजींची जीप बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या शेडमध्ये आली, ती ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून. गाव जांबोटीकडचं. पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळीचा, जॉइंट तुटला होता. दोन महिन्यांतला हा दुसरा. आधी ज्या गॅरेजात दाखवली होती, तिथं ‘ट्रान्सफर बॉक्स (पुढच्या-मागच्या शाफ्टांना ताकद वाटणारा डबा) गेलाय, बदलावाच लागेल’ असं सांगून भला मोठा आकडा काढून दिलेला.

जीप बघितली आणि हातातलं काम मी बाजूला ठेवलं. समोरच्या जाळीला नऊ फटी. नंतरच्या सिव्हिल जीपला सातच असतात. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप, विलिस कंपनीची एमबी, लढाईसाठी बांधलेली. गुरुजींचे वडील फौजेतले, त्यांनी ती लष्कराच्या लिलावात घेतली होती. अशी गाडी दारात येणं हे माझ्या धंद्यात सणासारखं आहे.

“फोर व्हील लावलं की कुणीतरी मागनं धरल्यासारखी चालते बघा,” गुरुजी म्हणाले. “आणि त्याचा दांडा मग निघत नाही. रिव्हर्स घेऊन धक्के द्यावे लागतात.”

“डांबरावर लावता काय?”

“डांबरावर कशाला लावू? पाणंदीतच की.”

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. घरापासून शाळा १८ मैलांवर होती, आयुष्यभर त्याच वाटेनं गेले. पण या जीपचा मीटर ती वाट जवळजवळ २० मैल दाखवतो. “लहान होतो तेव्हा बरोबर १८ दाखवायचा,” म्हणाले. मी टायर बघितले. मूळ मापाचेच, ६.००-१६. एमबीचा मीटर ट्रान्सफर बॉक्सवरून चालतो. चाकं तीच आणि मीटर जास्त पळतोय, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट पूर्वीपेक्षा जास्त फिरतोय. तिथंच माझी नजर मागच्या एक्सलकडे, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या आसाकडे, गेली.

एमबीच्या मागच्या हबवर मधोमध बोल्टांनी बसवलेली चकती असते. एक्सल फक्त फिरवायचं काम करतो, गाडीचं वजन हौसिंग, म्हणजे त्याच्याभोवतीचं कवच, पेलतं. इथं मात्र हबच्या मधून एक्सलचं टोक बाहेर आलेलं, त्यावर मोठा नट आणि स्प्लिट पिन. हे एमबीचं नव्हे. हौसिंगवरचा ग्रीस आणि चिखलाचा थर खरवडला, तर खालच्या कण्यावर ओतीव आकडा निघाला: ४४. स्पायसर कंपनीचा ४४ नंबरचा एक्सल. आपल्याकडे महिंद्राच्या सीजे-३बी जीपला यायचा तो. एमबीला मागे २३-२ नंबरचा असतो आणि पुढे २५. पुढचा मूळचाच होता.

रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो लिहिलेली पत्र्याची चिठ्ठी कव्हरच्या बोल्टाखाली असते, ती कधीच गळून गेलेली. असती तरी मी तिच्यावर विसंबलो नसतो. आतले गिअर बदलले तरी चिठ्ठी जुनीच राहते.

म्हणून मोजलं. गिअर न्यूट्रल, फोर व्हील सोडलेलं, मागचं एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर ठोकळे लावून. एक चाक धरून ठेवलं की फिरवलेल्या चाकाचा अर्धाच फेरा क्राऊनला, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या गिअरला, मिळतो. त्यामुळे चाक दोनदा फिरवलं की क्राऊनचा एक फेरा. दोनच फेऱ्यांत एमबीचा ४.८८ आणि सीजेचा ५.३८ यांतला फरक डोळ्याला फसवतो, म्हणून चाक वीस वेळा फिरवायचं ठरवलं. चाकाचे फेरे मी मराठीत मोजत होतो. खाली झोपलेला माझा पोरगा शाफ्टवरच्या खडूच्या खुणेकडे बघत कन्नडमध्ये. “ऐवत्तमूरु,” तो ओरडला, आणि वर पाऊण फेरा. मग पुढचं चाक, तसंच वीस वेळा. “नलवत्तेंटु,” आणि वर पुन्हा तेवढंच.

मागे ५३, पुढे ४८. मी त्याला पुन्हा मोजायला लावलं. तेच.

मग दोन्ही कव्हरं उघडली. मागे क्राऊनला ४३ दात, पिनियनला, म्हणजे शाफ्टकडच्या लहान गिअरला, ८. पुढे ३९ आणि ८. म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला दोन्ही शाफ्टांत अर्ध्या फेऱ्याचा फरक. फोर व्हील लावल्यावर ट्रान्सफर बॉक्स दोघांना एकत्र बांधतो, तेव्हा हा अर्धा फेरा जाणार कुठं? चिखलात टायर घसरून तो सुटतो. उन्हानं दगड झालेल्या पाणंदीत सुटत नाही. सगळा पीळ शाफ्टात साठतो आणि जॉइंट तुटतो. ट्रान्सफर बॉक्सही खोलून बघितला. दात शाबूत होते. नसलेल्या आजारासाठी एका निवृत्त शिक्षकाला एवढा खर्च सांगितला गेला, याचा मला अजून राग आहे.

मी क्राऊनचे दात बोट ठेवून मोजून दाखवले. गुरुजी बराच वेळ स्टुलावर गप्प बसले. मग म्हणाले, वडिलांच्या काळात एकदा उसाच्या ओझ्यानं मागचं हौसिंग फुटलं होतं. तेव्हा गुरुजी स्वतः शिकायला बाहेर होते. परत आले तर जीप चालू, पण फोर व्हीलचा दांडा तारेनं बांधलेला. “विचारलं तर म्हणायचे, हात लावू नको. आम्ही समजलो, म्हातारा हट्टी झाला. यंदा मुलानं ती तार कापली.”

मूळचा २३-२ शोधत बसायचं की पुढचा बदलायचा? मी पुढच्याच बाजूनं होतो. मागचा ४४ जास्त भक्कम आहे, आणि सीजेचा ४३-८ चा जोड पुढच्या हौसिंगमध्ये बसतो. क्राऊन-पिनियन जोडीनंच बदलायचं असतं, सुटं कधीच नाही. शिम (पातळ चकत्या) घालून, काढून, दातांना निळा रंग लावून घासण्याची खूण दाताच्या मधोमध येईपर्यंत दोन दिवस गेले. जुना ३९-८ चा जोड ऑइलच्या फडक्यात गुंडाळून गुरुजींना दिला. कधी मूळ हौसिंग मिळालं तर लागेल.

पहिल्या पावसानंतर मी स्वतः त्यांच्या पाणंदीत गेलो. फोर व्हील लावलं, चढ चढलो, वरच्या कडक जमिनीवर थांबलो आणि गुरुजींना म्हणालो, आता तुम्ही काढा. दांडा दोन बोटांनी आला. त्यांनी तो पुन्हा लावला, पुन्हा काढला.

मीटर अजून १८ च्या जागी २० दाखवतो. त्याचा गिअर बदलून देतो म्हटलं, तर म्हणाले, राहू दे.