मोसंबीवरचं भोक

भाद्रपदातली उघडलेली दुपार. परसातल्या मोसंबीच्या पिवळट सालीवर टाचणीएवढं भोक दिसतं. बोटानं दाबलं की रस वर येतो, भोवतीची साल मऊ लागते. काही दिवसांत तिथे तपकिरी डाग पडतो, आत बुरशी शिरते आणि फळ खाली. गणपतीवरच्या माटवीला टांगायचं म्हणून राखलेलं असलं तर हळहळ अंमळ जास्तच.

दोष फळमाशीला जातो. फळ कापून बघावं: फळमाशी असती तर आत अळ्या असत्या. हा उद्योग युडोसिमा या रस शोषणाऱ्या पतंगाचा. मिटून बसला की वाळकं पान. पंख उघडले की मागची जोडी नारिंगी. याच्या दोन जाती: मटेर्नाच्या मागच्या पंखावर मधोमध काळा ठिपका, फॅलोनियाच्या पंखावर वाकडी काळी पट्टी. बहुतेक पतंगांची सोंड मऊ, याच्या सोंडेचं टोक कडक आणि दातेरी. याच्या नात्यातले काही कॅलिप्ट्रा पतंग तीच करामत जनावरांच्या कातडीवर करतात. कीटकशास्त्रज्ञ हान्स बेंझिगर यांनी १९६० च्या दशकात मलायात त्यातल्या एकाला रक्त पिताना पकडलं. पितात फक्त नर. आपला मोसंबीवर भागवतो, हे उपकारच.

फळावर फवारून फारसं साधत नाही. पतंग अंधार पडल्यावर बाहेरून येतो, सालीखालचा रस पितो, उजाडायच्या आत जातो. अंडी घालतो ती गुळवेलीवर, वासनवेलीवर. अळी काळसर, कुशीला डोळ्यांसारखे ठिपके. डिवचली की डोकं आत दुमडून मागचा भाग उचलते. म्हणून जाणकार सांगतात, गुळवेल उपटा. मला हे पटत नाही. कोकणात ती कुंपणावर, काजूवर, आंब्यावर, सगळीकडे. शिवाय काढ्यासाठी मुद्दाम लावलेली.

त्यापेक्षा फळं लिंबाएवढी झाली की पिशव्या घालाव्यात. कागदाची पावसात लगदा होते, प्लास्टिकच्या पिशवीत फळाला घाम सुटतो. कापडासारखी, हवा खेळणारी बरी. पण सैल हवी. फळाला चिकटली तर सोंड तिच्यातूनही आत जाते. गळलेली फळं झाडाखाली ठेवू नयेत, आंबूस वासावर आणखी पतंग येतात. तिन्हीसांजेनंतर दोन-तीन तास बॅटरी घेऊन फिरावं: डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि पिण्यात गुंगलेला पतंग हातानं उचलता येतो.

भोक ताजं असेल तर मोसंबं खुशाल सोलावं, त्या बाजूच्या दोन फोडी टाकाव्यात. पेरूला तेवढी सवलत नाही.