ट्रेलरची बेअरिंगं: नाना पेठ, भोसरी आणि मग ताम्हिणी

पावसाळाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभा असलेला आमचा कॅम्पिंग ट्रेलर जॅकवर घेतला आणि चाक हातानं फिरवून पाहिलं. उजवं गुपचूप फिरलं. डाव्यातून खरखर आली, आणि वर-खाली धरून हलवलं तर खुळखुळही जाणवली. दिवाळीनंतर ताम्हिणीतून दिवेआगरला उतरायचं ठरलेलं होतं. मामा बाजूलाच उभा होता. चाळीसेक वर्षं चिंचवड-भोसरीच्या मशीन शॉपमध्ये काढलेला माणूस, त्याला अंदाज बांधायला आवडत नाही. "आवाज ऐकत काय बसलायस? खोल."

डस्ट कॅप काढली, स्प्लिट पिन सरळ करून ओढली, ती ज्याच्या खाचांतून जाते तो कॅसल नट सोडला. बाहेरचं छोटं बेअरिंग आपोआप हातात आलं. ग्रीस तपकिरीऐवजी दुधाळ झालेलं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उतरवून त्यात ठोकून बसवलेला आतला कप, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं कडं, डिझेलनं पुसला (रॉकेल हल्ली सहज मिळत नाही), तेव्हा खरी गोष्ट दिसली. रोलर जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर गंजाच्या उभ्या रेघा, कंगव्यानं ओढल्यासारख्या. गाडी पळून बेअरिंग झिजतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहूनही ते मरतं. ओलं ग्रीस आणि न हललेले रोलर, एवढं पुरतं. त्यामुळे "फिरवलाच नाही तर खराब कसा होईल" हा युक्तिवाद ट्रेलरच्या बाबतीत बाद.

मामाचं म्हणणं होतं की चारही बेअरिंगं, चारही कप आणि दोन्ही ऑइल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी चकत्या) बदलायचे. उजवीकडचं चाक चांगलं चाललेलं असलं तरी वय दोघांचं एकच.

इथून खरा प्रवास सुरू झाला, आणि तो कोकणातला नव्हता. ट्रेलरचा ॲक्सल बाहेरून आलेल्या नमुन्याचा, ३५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १५९० किलो पेलणारा. आमचा ट्रेलर सामानासकट त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो, तेव्हा ताकदीची चिंता नव्हती. चिंता मापाची होती. या ॲक्सलची बेअरिंगं इंची मापाची: आतलं एल६८१४९, बाहेरचं एल४४६४९. आपल्या बाजारात मेट्रिक मापाची ३०२०६, ३०२०७ अशी मंडळी सवयीची. टेपर बेअरिंगमध्ये (तिरक्या रोलरांचं बेअरिंग) कोन, म्हणजे रोलरांसकटचं आतलं कडं, आणि कप वेगळे होतात आणि इंची मालिकेत दोघांचे नंबरही वेगळे. नुसता कोनाचा नंबर सांगून काम भागत नाही.

सकाळी नळ स्टॉपवरून मेट्रो घेतली. पिशवीत कागदात गुंडाळलेली जुनी बेअरिंगं, कप आणि मामाचा माप घ्यायचा व्हर्नियर. तपासणीला पिशवी थांबलीच. "हे काय आहे?" "बेअरिंग आहे साहेब, चाकाचं." तपासणाऱ्यानं एक उचलून पाहिलं, बोटाला ग्रीस लागलं आणि त्यानं आम्हाला लगेच सोडलं. सिव्हिल कोर्टाला, म्हणजे बोर्डावरच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाला, गाडी बदलायची. वरच्या मार्गिकेवरून खालच्या स्टेशनात उतरायचं म्हणजे जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. सरकते जिने संपता संपत नाहीत. स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाल्यापासून मंडईला येणं एवढं सोपं झालंय की पेठेत दुचाकी घालण्याचा हट्ट मी सोडलाय.

मंडईतून बोहरी आळीत शिरलो. खिळे, साखळ्या, दोरखंड, नळाच्या तोट्या, आणि त्यातून वाट काढणारे हातगाडीवाले. मामाला इथे उशीर होतोच. ट्रेलरच्या मागच्या दाराला म्हणून त्यानं दोन कड्या घेतल्या, ज्या अजून पिशवीतच आहेत. सोन्या मारुती, पुढे डुल्या मारुती, आणि मग नाना पेठ. नाना फडणवीसांच्या नावानं वसलेली ही पेठ आज पुणेकरांना स्पेअर पार्टसाठी माहीत. क्लच प्लेट, चेनसेट, हेडलाइटच्या काचा, सीट कव्हर, सगळं दुकानाच्या दारावरच टांगलेलं.

पहिल्या दुकानात मी नंबर सांगितला. मुलानं वर न बघताच "आहे" म्हटलं आणि एका नामांकित ब्रँडचा डबा काउंटरवर ठेवला. किंमत मी घरून चौकशी करून आलो होतो त्याच्या निम्म्याहून कमी. मामानं डबा उघडला. कोनावरचा नंबर पुसट आणि किंचित तिरका, कपावर नंबरच नाही, आणि डब्यावरच्या अक्षरांच्या कडा फुटलेल्या. मुलगा म्हणाला, "ओरिजिनलच आहे दादा, बिलाशिवाय घेतलं म्हणून स्वस्त." नंतर त्यानं ते बेअरिंग उचललं आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं गरगर फिरवून दाखवायला लागला, किती स्मूथ आहे म्हणून. मामानं त्याचा हात धरला. "हवेनं फिरवू नकोस रे. कोरडं बेअरिंग त्या वेगानं फिरलं तर रोलर धरून ठेवणारा पिंजरा फुटून रोलर डोळ्यात जाईल." मुलगा ओशाळला. आम्ही निघालो.

खोटं बेअरिंग नेहमी इतकं भाबडं नसतं, हे मात्र सांगायला हवं. छपाई, लेझरचा नंबर, तेलकट कागद, सगळं हुबेहूब करणारे आहेत. म्हणून तर मोठ्या कंपन्यांना पडताळणीची मोबाइल ॲप काढावी लागली: एसकेएफचं ऑथेंटिकेट, शेफलरचं ओरिजिनचेक. माझं मत असं झालंय की डब्याकडे बघून माल ओळखण्याची हौस फार बाळगू नये. कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर घ्यावं. बिल नको म्हणून वाचणारे पैसे तसेही घाटात एका टोइंगला जातात.

त्याच गल्लीत पुढे एका जुन्या दुकानात वयस्क काका बसले होते. नंबर ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लागणार कशाला?" ट्रेलर म्हटल्यावर चष्मा लावला. "कुठला? पाण्याच्या टँकरचा?" मग फोनवर फोटो दाखवला, आत पलंग, मागे स्वयंपाकाचा ओटा. त्यांना गंमत वाटली. जुना कोन हातात घेऊन त्यांनी रोलरवर नख फिरवलं. "माझ्याकडे ३५ एमएमचं आहे, ३२००७. आतून बसेल. पण बाहेरून ६२ आहे, तुमचं तेवढं नाही." व्हर्नियर लावला तर आमच्या कपाचा बाहेरचा व्यास ५९.१३. "हब आतून बोअर करून मोठा करून घ्या" असं सांगून त्यांना ते खपवता आलं असतं. त्यांनी भोसरीच्या एका वितरकाचा पत्ता दिला आणि वर एक ताकीद: "कपाचा नंबर नीट वाचा. ११० आणि १११मध्ये लोक फसतात."

हे मला नवीन होतं. एल६८१४९ या एकाच कोनाबरोबर दोन वेगळ्या मापांचे कप येतात. एल६८११०चा बाहेरचा व्यास ५९.१३ मिलिमीटर, एल६८१११चा ५९.९७. फरक एक मिलिमीटरही नाही, शेल्फवर शेजारी ठेवले तर डोळ्याला कळत नाही. पण ११०च्या हबमध्ये १११ ठोकून बसत नाही, आणि १११च्या हबमध्ये ११० टाकला तर तो सैल राहून आतल्या आत फिरतो आणि हबच खाऊन टाकतो. कोन-कप जोडी म्हणून विकत घेताना नेमकं हे सुटतं, कारण डब्यावर मोठ्या अक्षरात कोनाचाच नंबर असतो.

मंडईवरून परत मेट्रो, नाशिक फाट्याला उतरून रिक्षानं भोसरी एमआयडीसी. रस्ताभर मामा खिडकीतून कारखाने मोजत होता, हा बंद पडला, तो चाकणला गेला. एसकेएफचा कारखाना चिंचवडमध्येच आहे, गावातच बेअरिंग बनतं. पण म्हणून गेटवर जाऊन दोन नग द्या म्हणता येत नाही, वितरकाच्या काउंटरलाच उभं राहावं लागतं.

वितरकाच्या ऑफिसात एसी, संगणक आणि मागे लोखंडी रॅकची रांग. त्यांनी जमशेदपूरच्या टिमकेनची जोडी दाखवली. टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट १८९८ सालचं, हेन्री टिमकेनचं, आणि हा गृहस्थ सेंट लुईसमध्ये घोडागाड्या बनवणारा. गाडी वळताना चाकावर बाजूनं जोर येतो, साध्या रोलरला तो झेपत नाही, म्हणून रोलर तिरके बसवण्याची युक्ती. वजनही पेलायचं आणि बाजूचा धक्काही. घाटाच्या वळणावर आमचा ट्रेलर तेच मागतो. जयपूरच्या एनबीसीचा मालही त्यांच्याकडे होता आणि तो चांगलाच असतो, पण आमच्या नंबरची पूर्ण जोडी त्या दिवशी टिमकेनचीच निघाली. कोन एका कंपनीचा आणि कप दुसऱ्याचा असं मिश्रण मामाला पटत नाही.

कपाचा नंबर वाचला: ११०. व्हर्नियर लावून खात्रीही केली. कप चार, कोन चार, दोन ओठांचे ऑइल सील दोन. सील लोकांना किरकोळ वाटतं, पण आमचं बेअरिंग मेलं ते सीलमुळे. जुन्या सीलचा ओठ कडक होऊन चिरला होता. सोबत लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीसचा डबा, घट्टपणाच्या मोजपट्टीवर एनएलजीआय २. पक्कं बिल घेतलं.

बसवणं पार्किंगमध्येच झालं. जुने कप हबच्या खाचांमधून पितळी पंच लावून, आळीपाळीनं दोन बाजूंनी ठोकत बाहेर काढले. नवे बसवताना मामानं जुन्याच कपाची बाहेरची कड ग्राइंडरवर थोडी कमी करून तो ठोकणी म्हणून वापरला, म्हणजे नव्या कपाला हातोड्याचा थेट घाव बसत नाही. कप खाली जाताना आवाज टणटण येतो, तळाला टेकला की एकदम ठक असा भरीव होतो. तो ऐकला की हातोडा थांबवायचा. ग्रीस भरायचं ते तळहातावर घेऊन, कोनाची रुंद कड त्यात दाबत दाबत, पलीकडच्या बाजूनं रोलरांमधून ग्रीस वर येईपर्यंत. नुसतं बाहेरून चोपडून उपयोग नाही.

नट आवळण्यावरून शेजारच्या इमारतीतल्या एका उत्साही गृहस्थांशी थोडा वाद झाला. त्यांच्या मते "घट्ट म्हणजे सुरक्षित". टेपर बेअरिंगला हेच चालत नाही. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग पूर्ण सैल करायचा आणि नुसत्या बोटांनी जेवढा फिरेल तेवढाच फिरवायचा. पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढे न्यायचा नाही, मागे आणायचा. जरासा प्ले, म्हणजे मोकळीक, राहायलाच हवा, नाहीतर तापून ग्रीस वितळतं. नवी स्प्लिट पिन घातली, जुनी परत वापरली नाही.

निघालो तो दिवस मात्र सुरेख होता. चांदणी चौक, भूगाव, भुकूम ओलांडून पिरंगुटला पहिला थांबा, चहासाठी आणि हबला हात लावण्यासाठी. दोन्ही कोमट, सारखे. एक बाजू दुसरीपेक्षा उघड जास्त तापलेली असती तर तिथूनच परत फिरलो असतो. पौड, मुळशीचं पाणी, मग ताम्हिणी. धबधबे आटत आलेले, पण डोंगर अजून हिरवे. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय कमीत कमी, आणि काचा खाली, कान मागे. मामाला घाट बघायचा होता आणि मला ऐकायचा होता, त्यामुळे गाणी लागली नाहीत.

विळ्याला खाली उतरल्यावर पुन्हा हात लावला. थोडे गरम, पण दोन्ही सारखेच, हात सहज ठेवता येईल इतके. माणगावला जेवण झाल्यावर जॅक लावून चाक हलवून पाहिलं, कारण नव्या बेअरिंगचा प्ले सुरुवातीच्या प्रवासानंतर एकदा तपासावा लागतो. डाव्याचा नट एका खाचेनं आवळून घ्यावा लागला, उजव्याचा तसाच ठेवला. डस्ट कॅप ठोकून बसवली आणि म्हसळ्याच्या रस्त्याला लागलो.

ट्रेलरच्या खणात आता ग्रीस भरलेली एक जादा जोडी हवाबंद डब्यात ठेवली आहे, सोबत सील, पिन आणि नटाचा पाना. डब्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात कोन आणि कप दोन्हींचे नंबर लिहिलेत. किनाऱ्यावर वाळूत, खाऱ्या पाण्याजवळ ट्रेलर नेला नाही, सुरूच्या बनाअलीकडे घट्ट जमिनीवर लावला. यापुढे वर्षातून एकदा हब उघडायचा, तो पावसाळा संपल्यावर. आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला ताडपत्री काढून ट्रेलर पार्किंगमध्येच थोडा पुढे-मागे ढकलायचा, त्यासाठी सोसायटीच्या वॉचमनकाकांशी बोलून ठेवलंय.